तोलाजीच्या सव्वीस चुका

मिरजेच्या रसमापन प्रयोगशाळेत पाऊल टाकताच चारुशीलाबाई आळतेकरांनी भिंतीवरचे घड्याळ चार मिनिटे पुढे असल्याचे सांगून टाकले. अजून कोणी त्यांना या, बसा म्हटलेही नव्हते. बत्तीस वर्षे चित्रपटांची परीक्षणे लिहिणाऱ्या माणसाला घड्याळसुद्धा परीक्षणासाठीच लावलेले दिसते, त्याला इलाज नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. रेहाना मुजावर यांनी हसून घड्याळ उतरवले, काटे मागे घेतले आणि पुन्हा खिळ्याला अडकवले. आता ते जरा डावीकडे कलले आहे, असे बाई म्हणाल्या.

त्या पुण्याहून आल्या होत्या त्या तोलाजीसाठी. पन्नास वर्षांपूर्वी सांगलीच्या एका मुलांच्या साप्ताहिकात ‘तोलाजी’ नावाची चित्रकथा येत असे. हायस्कूलमधले चित्रकलेचे शिक्षक भूपाल मगदूम ती लिहीत आणि काढतही. तोलाजी हा हळदीच्या बाजारातला तोलार, म्हणजे पोती काट्यावर घालून वजन सांगणारा साधा माणूस. त्याच्या अंगात एक अचाट शक्ती होती. कोणत्याही वस्तूला हात लावला की तिचे वजन तो काढून घेऊ शके. मात्र काढलेले वजन नाहीसे होत नसे, ते त्याच्याच अंगावर येई. कोसळती भिंत त्याने हलकी केली की त्याचे गुडघे वाकत आणि पाय जमिनीत रुतत. न दमणारे, आकाशात उडणारे महानायक पुष्कळ होऊन गेले, पण दर अंकाच्या शेवटी कंबर धरून घरी जाणारा हा एकटाच.

त्या तोलाजीवर आता चित्रपट तयार झाला होता. करार करताना मगदूमअण्णांनी एकच अट घातली होती. चित्रपट पुरा झाल्यावर आपण हो म्हटले तरच तो लोकांपुढे जाईल, नाहीतर जाणार नाही. पण तो पुरा होईपर्यंत अण्णांना चौऱ्याऐंशी वर्षे झाली, डोळ्यांनी दगा दिला, आणि ज्याने हो म्हणायचे त्यालाच चित्रपट दिसेना. तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, की कुरुंदवाडच्या आळतेकरांची मुलगी बघेल आणि ती म्हणेल तसे करू.

ही मुलगी आता एकसष्ट वर्षांची होती. अकराव्या वर्षी तिने अण्णांना एक पोस्टकार्ड टाकले होते. तोलाजीची पोती ओढायची लोखंडी आकडी पहिल्या चित्रात डाव्या कमरेला आणि चौथ्या चित्रात उजव्या कमरेला कशी, असा तिचा खडा सवाल होता. आठवड्याने उत्तर आले: ‘बरोबर. नजर चांगली आहे. पुढचा अंक बघ.’ पुढच्या अंकातही तिला चूक सापडली. त्याच्या पुढच्याही. मग दर आठवड्याला एक कार्ड, असे दोन वर्षे चालले. वडिलांची पुण्याला बदली झाल्यावर ते बंद पडले, कारण नव्या शाळेत चित्रकथा वाचणे पोरकट समजले जाई. पुढे परीक्षक म्हणून नाव झाल्यावर बाई कुठेही सांगत, की मगदूमअण्णांचा हात सोन्याचा, पण माणूस भारी वेंधळा.

रेहानाने त्यांना आतल्या खोलीत नेले आणि चित्रपटाची तऱ्हा समजावून सांगितली. हा स्वानुकूल चित्रपट होता. त्यात आधी चित्रित करून ठेवलेले काहीच नव्हते. पात्रे, जागा आणि घटना एका चित्रबीजात साठवल्या होत्या, आणि बघणाऱ्यासमोर प्रत्येक दृश्य त्या घटकेला उगवत असे. मनगटावरची नाडीपट्टी नाडीचे ठोके आणि त्वचेचा ओलावा मोजणार, चष्म्यातला नेत्रवेधक बाहुली किती पसरली ते पाहणार. या सगळ्यांची मिळून एक रसरेषा तयार होणार.

“रेषा चढली की यंत्र तसंच आणखी देतं. उतरली की बदलतं,” रेहाना म्हणाली. “आणि अधूनमधून उगाच एखादा बारीक बदल करून चाचपून बघतं.”

“आणि वाईट चित्रपट दाखवला तर?”

“त्याला चांगलं-वाईट कळत नाही, मॅडम. फक्त चढ आणि उतार कळतो.”

बाईंनी मान डोलावली, वही उघडली आणि पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे जमेच्या बाजू, उजवीकडे उण्या. ही त्यांची बत्तीस वर्षांची पद्धत होती. दुसरा नियम असा, की तीनदा पाहिल्याशिवाय लिहायचे नाही. एकदा पाहून लिहिणाऱ्यांना त्या परीक्षक न म्हणता पाहुणे म्हणत.

पहिल्या वेळी सुरुवात उत्तम झाली. हळदीचा बाजार, हवेत पिवळा धुरळा, सौद्याची कुजबुज, आणि थप्पीवरून घसरणाऱ्या पोत्यांखाली धावत गेलेला तोलाजी. बाईंनी डावीकडे लिहिले: ‘वातावरण अस्सल. नायकाचा थकवा खरा वाटतो.’ इतक्यात तोलाजीची आकडी डाव्या कमरेवरून उजवीकडे गेली. बाईंची पेन्सिल चटकन उजवीकडे वळली. त्यानंतर मात्र चुकाच चुका. खलनायकाला हेतू नाही. विहिरीच्या दृश्यात सावल्या उलट्या. तोलाजीची आई एकदा त्याला अरे म्हणते, एकदा अहो. एकोणीस नोंदी झाल्या.

दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस झाल्या. तिसऱ्या दिवशी त्र्याहत्तर, आणि त्यातली शेवटची जीवघेणी होती. कृष्णेवरच्या पुलावरून लोंबकळणारी बस तोलाजीने एका हाताने उचलली आणि तो ताठ उभा राहिला. गुडघा वाकला नाही, पाय रुतला नाही. वर तो हसलाही. बाईंनी वहीत लिहिले, ‘वजन गेले कुठे?’ आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली. पेन्सिलीचे टोक मोडले.

त्याच संध्याकाळी त्या सांगलीला अण्णांकडे गेल्या. अण्णा खुर्चीत बसून होते, डोळे दाराकडे, पण बघत नव्हते. बाईंनी डावीकडचे आधी वाचले, ते लगेच संपले. मग उजवीकडचे. अण्णा मधूनमधून हूं म्हणत ऐकत होते. वजनाचे वाक्य आले तेव्हा ते हूंही म्हणाले नाहीत.

“यंत्र माणसागणिक बदलतं म्हणतात न्हवं?” मग त्यांनी विचारले.

“तेच तर, अण्णा. माझ्यासाठी जुळवून घेऊनसुद्धा हा असा. मग मुळात काय असेल?”

हा मुद्दा बिनतोड होता. निदान दोघांना तसा वाटला. तोलाजीचे जुने अंक आता बाजारात कुठे मिळत नव्हते, ते वाचलेली मुले आजोबा झाली होती, आणि हा चित्रपट आला नाही तर अण्णांबरोबर तोलाजीही जाणार हे दोघांनाही माहीत होते. तरी वजन न पेलणारा तोलाजी जगण्यापेक्षा गेलेला बरा. अण्णांनी चाचपडत नकाराच्या पत्रावर अंगठा उमटवला, कारण सही आता रेघेवर राहत नव्हती. परतताना बाईंना रडू आले, पण आपण खरे तेच सांगितले याचे समाधानही होते.

ते समाधान चार दिवस टिकले. पाचव्या दिवशी रेहानाने त्यांना पुन्हा मिरजेला बोलावून घेतले आणि टेबलावर तीन लांब कागद पसरले. बाईंच्या तीन खेपांच्या रसरेषा होत्या त्या. जिथे जिथे दृश्यात चूक होती तिथे तांबडी खूण केलेली होती.

“आम्ही हा चित्रपट दोनशे जणांना दाखवलाय,” रेहाना म्हणाली. “कुणाच्या प्रतीत एक चूक, कुणाच्या दोन. तीनच्या वर कुणाच्याच नाही. बस उचलताना तोलाजी दोनशेही वेळा वाकलाय. फक्त तुमच्याकडे...”

पुढचे बोलायला तिला अवघड जात होते हे दिसत होते, म्हणून बाईंनी कागद स्वतःकडे ओढले. परीक्षणे वाचण्याची सवय होती, आज ते स्वतःचे होते इतकेच. पहिल्या कागदावर बाजाराच्या दृश्यात रेषा जमिनीलगत सरळ जात होती. ‘वातावरण अस्सल’ असे त्यांनी लिहिले होते ते इथे. मग यंत्राने चाचपून बघायला आकडी बदलली होती, पहिली तांबडी खूण, आणि रेषा टेकडीसारखी वर गेली होती. यंत्राला उमजले. त्याने आणखी एक चूक दिली. रेषा आणखी चढली. तिसऱ्या कागदावर खुणा इतक्या दाट होत्या की डोंगररांगच झाली होती, आणि सगळ्यात उंच शिखर पुलावरच्या त्या दृश्याचे होते. ज्या क्षणी तोलाजी ताठ उभा राहिला, त्या क्षणी चारुशीलाबाई तिन्ही दिवसांत सर्वांत जास्त सुखी होत्या.

“म्हणजे जे आवडलं असं मी लिहिलं, तिथे मी कंटाळले होते,” त्या सावकाश म्हणाल्या.

तुम्ही एकदाच बघाल असे आम्ही धरून चाललो होतो, दर खेपेला यंत्र आधीच्या खेपेवरून शिकते हे सांगायचे राहिले, चूक आमची, असे रेहानाने सांगितले. पण बाईंचे तिकडे लक्ष नव्हते. त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. कारण या कागदांचा अर्थ सरळ होता. त्यांनी अण्णांना चित्रपट सांगितलाच नव्हता. त्यांनी स्वतःलाच पाहिले आणि तेच सांगितले, आणि एका म्हाताऱ्या माणसाने त्यांच्या शब्दावर आपला तोलाजी पुसून टाकला. बत्तीस वर्षांत आणखी किती जणांचे असे झाले असेल, हा विचार त्यांनी मनात येताच बाजूला सारला. तो पुढे बरेच दिवस पुरणार होता.

त्या रेहानाला घेऊन थेट सांगलीला गेल्या आणि कागदांसकट सगळे अण्णांना सांगितले, काही झाकून न ठेवता. माझे डोळे आता साक्षीला चालायचे नाहीत, तुम्हीच बघा, असे म्हणाल्या. डोळे असते तर तुला कशाला बोलावले असते, असे अण्णांचे म्हणणे पडले. मग वाट रेहानाने काढली. अण्णांना चित्र दिसत नसले तरी आवाज ऐकू येत होता, श्वास आणि नाडी चालू होती. पट्टी त्यांच्या हाताला बांधायची, रसरेषा त्यांची. चित्र मोठ्या पडद्यावर उगवेल आणि काय दिसते ते शेजारी बसून बाई सांगतील. बाईंच्या अंगाला एकही तार लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत दोन खुर्च्या मांडल्या गेल्या. अण्णा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. बाईंनी आज वही आणली नव्हती. पेन्सिलही मुक्कामावरच ठेवली होती, आणि जे दिसेल तेवढेच सांगायचे, मत द्यायचे नाही, असे मनाशी पक्के केले होते.

बाजार उगवला. बाई सांगत गेल्या. पिवळा धुरळा, पोत्यांची थप्पी, तोलाजी धावला, खांदा दिला, गुडघे वाकले. विहिरीच्या सावल्या सुलट होत्या. आईचे बोलणे एकसारखे होते. खोट काढायला जागा नव्हती, आणि बाईंच्या आवाजाला कोर्टाच्या बेलिफाचा कोरडेपणा आला होता. अण्णा हूं म्हणत होते. रेहानाने पडद्याआडच्या रेषेकडे बघितले. ती जमिनीलगत होती. सुरेख चालले होते आणि म्हातारा पेंगत होता.

पाऊण तासाने यंत्राने चाचपून बघितले. तोलाजीची आकडी डाव्या कमरेवरून उजव्या कमरेवर गेली.

बाईंनी ओठ मिटून घेतले. दिसेल तेवढेच सांगायचे असे ठरले होते, आणि दिसत तर हेच होते. एक दृश्य गेले, दुसरे गेले. शेवटी राहवेना.

“अण्णा, आकडी उजवीकडे गेली.”

अण्णा हसले. खुर्चीत सरळ बसले आणि म्हणाले, “गेली? कधी गेली?”

“मघाशीच. मारुतीच्या देवळापाशी डावीकडे होती, ओढ्यात उतरला तर उजवीकडे.”

“आणि तू आता सांगतेस व्हय?”

रसरेषा ताडकन वर गेली. यंत्राला उमजले. पुढच्याच दृश्यात सावल्या उलट्या झाल्या, त्याच्या पुढच्या दृश्यात आईने लेकाला अहो म्हटले. बाई एकेक सांगत गेल्या, आधी चाचरत, मग जरा ठसक्यात, मग अगदी अकरा वर्षांच्या मुलीच्या तोऱ्यात. अण्णा प्रत्येक वेळी हसत होते. पूल आला, बस लोंबकळली, तोलाजीने ती उचलली आणि तो ताठ उभा राहिला. वजन गेले कुठे, असे बाईंनी इतक्या रागाने विचारले की अण्णांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागले. हसूनच, पण थांबेना.

चित्रपट संपला. कुणी दिवे लावले नाहीत. मनगटावरून पट्टी निघाल्यावर यंत्र बंद पडले, तरी बाई पडद्याकडेच बघत होत्या.

“ही रेषा तर तुमची होती,” त्या म्हणाल्या. “मग चुका कशा आल्या?”

“मला काय चुकांचं सुख असतंय?” अण्णा म्हणाले. “तू चूक धरलीस की तुझा आवाज कसा होतो ते मला ऐकायचं असतं. त्या यंत्राला कळलं ते बघ. मला तर पहिल्याच कार्डावर कळलं होतं.”

बाई त्यांच्याकडे वळल्या.

“पहिली आकडी खरीच चुकली होती गं. पण पोरगी केवढी खूश झाली होती, अक्षरसुद्धा उड्या मारत होतं. म्हटलं, असू दे. मग दर अंकात एक ठेवायला लागलो. बारीकशी. संपादक कावायचे, मगदूम, लक्ष कुठं असतं म्हणून.”

वेंधळा माणूस, असे आपण जन्मभर सांगत आलो, हे आठवून बाईंचा चेहरा तापला. ज्या नजरेवर त्यांनी आयुष्य उभे केले होते, ती नजर कुणीतरी दर आठवड्याला दाणे टाकून पाळली होती, आणि त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी अण्णांचा हात धरला. माफी मागायची होती, पण नेमकी कशाकशाची ते ठरेना, म्हणून धरूनच ठेवला.

मग अण्णांनी रेहानाला हाक मारली आणि आपले उत्तर सांगितले. चित्रपट येऊ दे, पण एक बदल करून. माझी चूक एका पोरीसाठी होती, ते म्हणाले, पण छापली जायची सगळ्यांच्या अंकात, आणि चार हजार पोरं त्या एकाच अंकावर भांडायची. तुमच्याकडे ज्याचा त्याला वेगळा, मग भांडायचं कुणाशी? तेव्हा प्रेक्षक जोडीजोडीने बसवा. पडदा दोघांना एक, आणि पट्टी एकाच्याच हाताला. दुसऱ्याने आपल्या माणसाला काय रुचते ते बघावे, आणि जमेल तितके सोसावे. रेहानाने हे टिपून घेतले. यात तांत्रिक अडचण काहीच नाही, असे ती म्हणाली, उलट निम्म्या पट्ट्या वाचतील. प्रयोगशाळेकडे आलेले नकाराचे पत्र तिने टेबलावरून उचलून अण्णांच्या हातात दिले. अण्णांनी ते चाचपून फाडले, चार तुकडे नीट एकावर एक ठेवले.

निघायची वेळ झाली तसे ते थांबले.

“चारू, तुझं शेवटचं कार्ड एकशे चौदाव्या अंकाचं.”

“पुण्याला गेलो आम्ही,” बाई म्हणाल्या. मग खोटे वाटले म्हणून पुढे बोलल्या, “मला लाज वाटायला लागली होती, अण्णा. मुली हसायच्या.”

“असू दे की. पण तोलाजी एकशे चाळीस अंक चालला. मला वाटायचं, कार्ड येईल. म्हणून ठेवतच गेलो.” त्यांनी बोटांवर हिशेब केला, उगाचच, कारण आकडा त्यांना पाठ होता. “सव्वीस आहेत बघ. कुणीच धरल्या नाहीत.”

चित्रबीज तयार करण्यासाठी अण्णांनी दिलेले मूळ अंक प्रयोगशाळेच्या कपाटातच होते. रेहानाने एकशे पंधरावा अंक काढून आणला. कागद पिवळा पडला होता, कडा ठिसूळ झाल्या होत्या. बाईंनी चष्मा पदराने पुसला, रेहानाकडून पेन्सिल मागून घेतली आणि पहिल्या चित्रापासून सुरुवात केली. आकडी डावीकडेच होती. सावल्या बरोबर होत्या. पोत्यांची संख्या जुळत होती. दुसरे पान झाले, तिसरे झाले, त्या पुन्हा पहिल्यावर आल्या. या खोलीत आता कुणाचीही नाडी कुणी मोजत नव्हते.

अण्णा शेजारी काठीवर हात ठेवून बसले होते. पानांचा आवाज ऐकत होते.

“सापडली?” त्यांनी विचारले.

“थांबा,” चारू म्हणाली. “सांगू नका.”